सौर पंपाचा अर्ज का परत येतो, आणि मंजूर झाल्यावर कुठे फसतो

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या राज्य सरकारच्या योजनेच्या नावातले काही शब्द छापायचे राहून गेलेत. जो मागेल, ज्याची विहीर सातबाऱ्यावर असेल, ज्याचे सगळे भाऊबंद सही देतील आणि ज्याचा मोबाइल नंबर खरोखर त्याचाच असेल, त्याला सौर कृषी पंप, असं ते वाचायचं. अमळनेर-पारोळ्याकडचे अर्ज भरून देताना त्याच त्याच कारणांनी फायली परत आलेल्या बघतोय, म्हणून हे लिहायला घेतलं.

पात्रता थोडक्यात सांगतो. शेतात पाण्याचा शाश्वत स्रोत हवा: विहीर, बोअर, शेततळं किंवा बारमाही नदी-नाला. त्यावर महावितरणचं पारंपरिक कनेक्शन नसावं. अटल सौर कृषी पंप योजनेच्या दोन्ही टप्प्यांतून किंवा मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेतून आधी लाभ घेतलेला नसावा. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, अडीच ते पाच एकरांना ५ एचपी, त्यापुढे साडेसात. कमी एचपीचा मागितला तर मिळतो, जास्तीचा मिळत नाही. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, बाकी केंद्र आणि राज्याचं अनुदान. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा त्यातच धरलेला आहे. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर होतो.

आपल्याकडे लोक बिघ्यात बोलतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो आणि योजना एकरात मोजते. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. बरोब्बर एक हेक्टर असलेला माणूस ५ एचपी मागतो आणि मग ‘माझंच का कापलं’ म्हणून रागावतो. कुणी कापलेलं नसतं, हिशेबच तेवढा आहे.

आता मुख्य अडचण. विहीर आजोबांनी खोदली, तिच्यावर तीन पिढ्या जगल्या, पण सातबाऱ्यावर तिचा पत्ता नाही. अर्जाला जोडलेल्या सातबाऱ्यावर पाण्याच्या स्रोताची नोंद नसेल तर फाईल तिथेच थांबते. विहीर डोळ्यांसमोर असली तरी सरकारला ती कागदावर दिसावी लागते. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) नोंदीचा लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि नोंद झाल्यावर नवा उतारा काढा. सौर पंपाचा अर्ज त्यानंतर करा. ‘आधी अर्ज करून ठेवू, नोंद होईल मागाहून’ या घाईत किती फायली पडल्या ते विचारू नका.

पाझर तलाव, नाला बंधारा अशा जलसंधारणाच्या कामात साठलेलं पाणी उपसायला हा पंप देत नाहीत. बंधाऱ्याच्या काठावर शेत आहे म्हणून तोच स्रोत लिहिला तर अर्ज नामंजूर होतो.

दुसरी अडचण सामायिक सातबाऱ्याची. तुम्ही एकटे मालक नसाल तर बाकीच्या सगळ्या हिस्सेदारांचं ना-हरकतपत्र लागतं. एक भाऊ सुरतेला लूमवर, एक बहीण नाशिकला, एक काका वारलेले आणि त्यांच्या वारसांची नावंच चढलेली नाहीत. मेलेल्या माणसाची सही आणता येत नाही, म्हणून वारस नोंद आधी करून घ्यावी लागते. सुरतेचे लोक दिवाळीला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी येतात, तेव्हाच स्टॅम्प पेपर तयार ठेवा. गेल्या आखाजीला एका आप्पांनी जेवणाच्या पंगतीतच सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कज्जेदलाली नाही की रुसवाफुगवा नाही.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांसाठी वेगळी सूचना. या दोन तालुक्यांत भूजलाचा उपसा प्रमाणाबाहेर गेलाय. स्रोत अशा डार्क झोनमध्ये असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा ना-हरकत दाखला लागतो. तो नसतो कुणाकडेच, कारण सेतूवाला सांगत नाही आणि गावात कुणाला माहीत नसतं. जळगावच्या कार्यालयात आधी जाऊन या.

जात प्रमाणपत्राबद्दल एवढंच की नंदुरबारकडच्या ज्या आदिवासी शेतकऱ्यांच्या हातात ते नाही, त्यांनी आधी प्रांत कार्यालयातून काढावं. त्याशिवाय ५ टक्क्यांची सवलत मिळत नाही. आधार, बँक पासबुक, फोटो हे सगळ्यांकडे असतंच.

मोबाइल नंबर ही किरकोळ बाब वाटते, पण माझ्या मते फसवणुकीची सुरुवात तिथूनच होते. सेतूवर किंवा एजंटाकडे अर्ज भरताना ‘दादा, तुमच्या मोबाइलला रेंज नाही, माझा टाकतो’ असं म्हणून तो स्वतःचा नंबर टाकतो. पुढे हिस्सा भरायचा निरोप त्याला जातो, मुदत त्याला कळते, ओटीपी त्याच्याकडे येतो. पैसे भरल्यावर यादीतून ठेकेदार कंपनी निवडायचा हक्क शेतकऱ्याचा असतो, तो हक्कही त्याच ओटीपीतून वापरला जातो. तुम्ही पाऊस बघत बसता आणि तुमची कंपनी तिसराच माणूस निवडतो, बहुतेक वेळा जी त्याला कमिशन देते ती. तिचा मेकॅनिक दोनशे किलोमीटरवर असला तरी त्याला काय? नंबर स्वतःचा टाका, नसेल तर मुलीचा, सुनेचा टाका, पण घरातलाच. कंपनी निवडायच्या आधी तालुक्यात तिचे पंप कुठे बसलेत ते विचारा आणि दुरुस्तीला माणूस येतो का, हे त्या शेतकऱ्याच्या तोंडून ऐका.

हिस्सा फक्त योजनेच्या संकेतस्थळावरून भरायचा. अशोकस्तंभ छापलेलं ‘मंजुरीपत्र’ व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, खाली कुणाचा तरी खाते क्रमांक असतो आणि ‘आजच भरा, नाहीतर रद्द’ असा दम असतो. कुसुम, म्हणजे शेतीच्या सौर पंपांना केंद्राचं अनुदान देणारी योजना, तिच्या नावाने बनावट संकेतस्थळं चालतात, असा इशारा केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानेच दिलेला आहे. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. उशीर झाला की ते एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातात.

आता पंप मंजूर झाला, माल आला. इथे बहुतेक लोक सुटकेचा श्वास सोडतात, आणि मी नेमका इथेच कान पकडतो. या योजनेत अनुदान तुमच्या खात्यात येत नाही, ते परस्पर ठेकेदाराला मिळतं. कधी मिळतं? पंप बसला, चालू झाला, शेतकऱ्याला मान्य आहे, असा अहवाल गेल्यावर. त्या अहवालावर सही तुमची असते. दहा टक्के तुमचे, नव्वद सरकारचे, पण त्या नव्वदाचं कुलूप तुमच्या सहीने उघडतं. म्हणूनच पॅनेल अजून गाडीत असताना ठेकेदाराचं पोरगं कागद पुढे करतं: ‘करी द्या ना सही, काही नी व्हत.’ व्हतं भाऊ. सही दिल्यावर त्याच पोराचा फोन लागत नाही.

सहीआधी भर दुपारी पंप चालवून पाणी बघा. पंपावरच्या पाटीवर एचपी किती आहे ते वाचा. पॅनेल मोजा, मागच्या चिठ्ठीवरच्या वॉटची बेरीज करा आणि मंजुरीच्या कागदाशी ताडून बघा. ५ एचपीच्या फायलीवर ३ चा पंप बसला तर वरवर कुणाला कळत नाही, मार्चमध्ये पिकाला कळतं. अर्थिंग आणि वीजरोधक (आकाशातली वीज पडली तर वाचवणारा) बसलाय का, तेही बघा. प्रत्येक पॅनेलच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. कुसुमच्या पंपाला पॅनेल आणि त्यातले सेल, दोन्ही भारतात बनलेले असण्याची अट आहे. तसा माल आयात मालापेक्षा महाग पडतो, म्हणजे स्वस्त आयात पॅनेल देशी म्हणून खपवलं तर मधला फरक खिशात. ही चोरी शेतकऱ्याला दिसत नाही, पण सिरियल नंबर हातात असला तर पुढे चौकशीला धागा राहतो.

वाळू, सिमेंट, खड्डे, वाहतूक यांचे पैसे मागितले तर ‘लेखी मागा’ म्हणा. लेखी कुणी देत नाही.

मोठ्या रकमांतही चालतं ते हेच. २०२३ मध्ये अवजड उद्योग मंत्रालयाने सात ई-दुचाकी कंपन्यांकडे अनुदानाचे ४६९ कोटी परत मागितले, कारण देशी सुटे भाग वापरण्याची अट पाळली नाही असा ठपका होता. एप्रिल २०२५ मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा जेनसोल इंजिनिअरिंग या सौर कंपनीवरचा अंतरिम आदेश आला, कर्जाचे पैसे दुसरीकडे वळवल्याचा ठपका ठेवणारा. इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थांकडून ९७७.७५ कोटींची कर्जं घेतलेली. ६,४०० इलेक्ट्रिक गाड्या घ्यायच्या होत्या, कंपनीने ४,७०४ घेतल्याचं सांगितलं. चाकणजवळच्या तिच्या कारखान्यात शेअर बाजाराचा अधिकारी जाऊन उभा राहिला तेव्हा तिथे दोन-तीन मजूर होते, आणि महावितरणचं वर्षातलं सगळ्यात मोठं बिल दीड लाखाच्या आसपास. जागेवर माणूस गेला तेव्हा ते दिसलं. तुमच्या शेतात जाणारा माणूस तुम्हीच.

घराच्या छतावरच्या सौर पॅनेलचं प्रकरण उलटं आहे, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की लोक गोंधळतात. पीएम सूर्यघर योजनेत अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतं: पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, जास्तीत जास्त ७८ हजार. त्यामुळे ‘सबसिडी आमच्याकडे येईल, तुम्ही फक्त पासबुक आणि ओटीपी द्या’ म्हणणाऱ्याला दाराबाहेरच ठेवा. वीजबिल वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि खाते मुलाच्या, यात अर्ज अडकतो. आधी बिलावरचं नाव बदला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, जुन्या दराचं कोटेशन दिलं तर परत करा.

पंप बंद पडला, ठेकेदार फिरकला नाही तर फोनवर भांडून उपयोग नाही. महावितरणच्या १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. उपविभागाच्या कार्यालयात त्याच क्रमांकाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. तिथला बाबू ‘ठेवा इथे, बघतो’ म्हणेल. शिक्का मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. तरी काम हललं नाही तर माहिती अधिकारात विचारा की माझ्या पंपाच्या पूर्णत्वाच्या अहवालाची प्रत द्या आणि ठेकेदाराला पैसे कोणत्या तारखेला दिले ते सांगा. दहा रुपयांच्या या अर्जाने हललेला ठेकेदार मी पाहिलाय.

चोरी आणि वादळ, दोन्हींसाठी विमा आहे, पण पॅनेल चोरीला गेलं तर पोलिसांत तक्रार त्याच दिवशी द्या. ‘दोन दिवस शोधू, गावातलंच असेल कुणी’ यात दिवस गेले की दावा रेंगाळतो. वैशाखात वादळ आलं आणि केळीबरोबर स्ट्रक्चरही आडवं झालं तर ते उभं करायच्या आधी फोटो काढा आणि ठेकेदाराला मेसेज करून कळवा.