शिरेवरची लाल रेघ आणि शिरेबाहेर झिरपलेले औषध

डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन ही कर्करोगावरची औषधे शिरेतून देताना हातावर लाली उमटली की वॉर्डात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘रक्त परत येतंय ना? मग फ्लेअर आहे, चालू राहू द्या.’ रक्त परत येणे म्हणजे सिरिंज मागे ओढल्यावर तीत रक्त दिसणे, आणि फ्लेअर म्हणजे शिरेवर उठणारी तात्पुरती लाली. नोंदवहीत ‘रिअ‍ॅक्शन, निरीक्षण चालू’ एवढेच उतरते. या वाक्यात निदानही घाईचे आहे आणि सल्लाही चुकीचा आहे, आणि त्याची किंमत रुग्णाच्या हाताला मोजावी लागू शकते.

औषध शिरेबाहेर झिरपणे, म्हणजे एक्स्ट्राव्हॅसेशन, केमोथेरपी देणाऱ्या परिचारिकेला पाठ असते. जळजळ, कॅन्युलाभोवती (शिरेत बसवलेल्या बारीक नळीभोवती) सूज, घट्ट किंवा थंड लागणारी त्वचा, मंदावलेले ठिबक ही लक्षणे पुन्हा सांगण्याची गरज नाही. लक्षात ठेवायचे ते त्यामागचे कारण. डॉक्सोरुबिसिन व एपिरुबिसिन ज्यात मोडतात त्या अँथ्रासायक्लिन गटातील औषध पेशींतील डीएनएला घट्ट चिकटते, पेशी मेल्यावर मोकळे होते आणि शेजारच्या पेशींत शिरते. त्यामुळे पहिल्या दिवशी किरकोळ वाटणारी जागा पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत फोड, व्रण आणि मृत ऊतींपर्यंत जाऊ शकते.

फ्लेअरमध्ये औषध शिरेतच असते. शीर व तिच्या आजूबाजूची त्वचा स्थानिक अ‍ॅलर्जीसारखा प्रतिसाद देते, शिरेच्या वाटेवर लाल रेघ किंवा पित्ताच्या गांधींसारखे उंचवटे उठतात आणि खाज सुटते. वेदना बहुधा नसते. औषध थांबवल्यावर साधारण अर्ध्या तासात हे ओसरू लागते आणि मागे व्रण राहत नाही. शिरेचा साधा दाह हा तिसरा प्रकार. त्यात शिरेच्या मार्गावर ओढ आणि ठणका जाणवतो. खाज व गांधी नसतात. त्याची गल्लत फारशी होत नाही, म्हणून त्याचा विस्तार करत नाही.

खरी फसगत रक्त परत येण्यावरून होते. फ्लेअरमध्ये रक्त परत येते आणि झिरपलेल्या औषधात बहुधा येत नाही, हे पुस्तकातील तक्त्यात लिहिलेले असते आणि ते खरेच आहे. चूक होते ती हे विधान उलटे वाचताना. कॅन्युलाचे टोक अर्धे शिरेत आणि अर्धे बाहेर असेल, शिरेच्या मागच्या भिंतीला बारीक छिद्र पडले असेल, किंवा त्याच शिरेवर हृदयाच्या बाजूला थोड्या वेळापूर्वी सुई टोचलेली असेल आणि औषध त्या जुन्या छिद्रातून गळत असेल, तर सिरिंजमध्ये व्यवस्थित रक्त येते आणि औषध तरीही ऊतींत जाते. म्हणून रक्त न येणे हा थांबण्याचा ठोस आधार आहे, पण रक्त येणे हा निर्दोषत्वाचा दाखला नाही. व्हेसिकंट, म्हणजे शिरेबाहेर गेल्यास फोड व व्रण करणारे, औषध सिरिंजने पुश करताना दर 2 ते 5 मिलीला रक्त तपासायचे असते, पण त्या तपासणीसोबत डोळे आणि बोटेही हातावर असली पाहिजेत.

मग वेगळेपण ठरवायचे कशावरून? माझा भर दोन गोष्टींवर आहे: बदलाचा आकार आणि वेळ. फ्लेअर शिरेच्या रेषेत लांबत जाते; झिरपलेले औषध कॅन्युलाच्या तोंडाभोवती गोलाकार पसरते आणि तिथे फुगवटा किंवा कडकपणा आणते. फ्लेअर थांबवल्यावर ओसरते. झिरपलेले औषध थांबवल्यावरही तिथेच राहते, कधी वाढते. ही दुसरी खूण फक्त औषध थांबवणाऱ्यालाच दिसते, म्हणून शंका कोणतीही असली तरी पहिली कृती एकच आहे: औषध बंद करणे. चालू औषधाखाली फ्लेअरचे निदान करता येत नाही.

लालीवर अवलंबून राहण्याची सवयही मला खटकते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली पुसट दिसते किंवा दिसतच नाही, म्हणून दोन्ही हातांची जागा बोटांनी चाचपून तुलना करावी. वेदनेवरही विसंबू नये, कारण मधुमेहामुळे किंवा आधीच्या केमोथेरपीमुळे नसांची संवेदना कमी झालेला रुग्ण, तसेच गुंगीत असलेला रुग्ण, काहीच सांगणार नाही. जो सांगू शकतो त्याला औषध सुरू होण्याआधीच बजावावे की जळजळ, खाज, ओढ, काहीही वेगळे जाणवले तर तत्क्षणी बोलावे.

जागा संशयास्पद ठरली की कॅन्युला लगेच काढू नये, सलाईनने धुऊ नये आणि जागा दाबू नये. राहिलेले औषध सिरिंजने ओढून घ्यावे, डॉक्टरांना बोलवावे आणि मगच कॅन्युला काढावी. अँथ्रासायक्लिनसाठी थंड शेक. व्हिन्क्रिस्टीनसारख्या व्हिन्का गटासाठी मात्र कोमट शेक. सगळीकडे बर्फच लावण्याची सवय व्हिन्का औषधांच्या बाबतीत नुकसानीची आहे. अँथ्रासायक्लिनचा उतारा असलेले डेक्सराझोक्सेन घटनेपासून 6 तासांच्या आत सुरू करायचे असते, म्हणून ‘उद्या बघू’ला इथे जागा नाही. ते दुसऱ्या हाताच्या शिरेतून, लागोपाठ 3 दिवस दिले जाते, आणि देण्याआधी किमान 15 मिनिटे थंड शेक काढून ठेवावा लागतो.

फ्लेअर असल्याची खात्री झाली, म्हणजे रेघ ओसरली, सूज नाही, रक्त मोकळे येते, तर डॉक्टरांच्या आदेशाने शीर सलाईनने धुऊन, हिस्टामिनविरोधी औषध देऊन, कमी वेगाने पुन्हा सुरुवात करता येते. नोंदीत नुसते ‘फ्लेअर’ न लिहिता औषध कधी थांबवले, लाली कोठून कोठपर्यंत होती, पेनाने आखलेली सीमा अर्ध्या तासाने कोठे होती आणि रक्त केव्हा तपासले, हे लिहावे. केमोथेरपीच्या पुढच्या चक्राला वेगळी परिचारिका असेल आणि तिच्या हाती फक्त तेवढेच असेल.