टाळं लागलं, पण दिवाळखोरीच्या आकड्यात आलं का?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शेडवरचा बोर्ड उतरला, लेथ टेम्पोत चढली, की चहाच्या टपरीवर निकाल लागतो, ‘कंपनी बुडाली.’ सरकारी आकडा बोर्ड बघत नाही, अर्ज बघतो. अर्ज कुठला आणि त्यावर आदेश काय झाला, त्यावर तुमची नोंद कुठल्या रकान्यात पडते ते ठरतं.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना लागतो तो एसटीके-२, म्हणजे कंपनीचं नाव नोंदवहीतून काढण्याचा अर्ज. दोन वर्षं धंदा बंद हवा आणि डोक्यावर कुणाचं देणं नको. थकलेली वार्षिक विवरणपत्रं आधी भरून टाका. सोबत विशेष ठराव, प्रत्येक संचालकाचं नोटरी केलेलं हमीपत्र (एसटीके-३) व प्रतिज्ञापत्र (एसटीके-४), आणि सीएने प्रमाणित केलेलं हिशेबपत्रक (एसटीके-८). फी १०,००० रुपये. १ मे २०२३ पासून हे अर्ज मुंबईच्या आरओसीऐवजी (कंपनी निबंधक) सी-पेस या केंद्राकडे ऑनलाइन जातात.

घोळ होतो तो एसटीके-८ मध्ये. त्यातले आकडे अर्जाच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आतले लागतात. एकदा एक संचालक मुलीकडे गावाला गेलेले. त्यांच्या सहीसाठी थांबलो आणि पत्रक ३४ दिवसांचं झालं. पुन्हा सीए, पुन्हा सही. म्हणून हमीपत्रं आधी, हिशेबपत्रक शेवटी.

अशी कंपनी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या आकडेवारीत ‘स्ट्राइक ऑफ’ म्हणून दिसते. ती दिवाळखोर नव्हे.

दिवाळखोरी मोजतं ते आयबीबीआय, म्हणजे केंद्राचं दिवाळखोरी मंडळ, दर तिमाहीला, २०१६च्या दिवाळखोरी कायद्याखाली. थकबाकी किमान १ कोटी हवी. २४ मार्च २०२० पूर्वी १ लाख पुरायचे. माल पुरवणाऱ्याने आधी मागणी नोटीस द्यायची, १० दिवस थांबायचं, मग नमुना ५ भरून बिलं आणि नोटिशीची पोच जोडून एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जायचं. फी २,००० रुपये. मालाच्या दर्जावरून आधीच वाद चालू असेल तर अर्ज टिकत नाही.

मोजणी सुरू होते अर्ज दाखल करून घेतल्याचा आदेश झाला की. नोटीस हातात पडताच समोरच्याने पैसे दिले, तर आकड्यात काहीच येत नाही. उलट प्रकरण पुढे परिसमापनात, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्यात गेलं, तर तीच कंपनी आधी एका तक्त्यात आणि नंतर दुसऱ्यात दिसते. दोन्हींची बेरीज करून ‘इतक्या कंपन्या बुडाल्या’ म्हणणारे भेटतात; बेरीज चुकीची. अवसायनात निघालेली पतसंस्था यात शोधू नका, ती सहकार खात्याच्या दप्तरी असते.

आणि प्रोप्रायटर, म्हणजे कंपनी न काढता एकट्याच्या नावावर धंदा करणारा? टपरीवर ज्याची चर्चा चालते तो बहुधा हाच. २०१६च्या कायद्यातला व्यक्तींचा भाग आजवर फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झालाय. बाकीच्यांसाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. पात्रतेत कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये! शंभर वर्षांत कुणी ती बदलली नाही. अर्जात ज्यांचं देणं आहे त्यांची नावं, पत्ते, रकमा, स्वतःच्या मालमत्तेचा तपशील आणि ती कोर्टाच्या हवाली करायची तयारी लिहायची. तो मंजूर झाला तरी आयबीबीआयच्या कंपन्यांच्या तक्त्यात येत नाही. तो अर्जही न करता ज्याने नुसतं शटर ओढलं, त्याची तर कुठेच नोंद नाही.