वारा पाठीशी, ऊन पाठीशी : नॉर्वेच्या किनाऱ्यावर समुद्री गरुडाचे फोटो

पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड हा युरोपातला सर्वांत मोठा गरुड. पंखांचा पसारा दोन मीटरपासून पार २.४ मीटरपर्यंत, मादीचं वजन चार ते सात किलो, नर थोडा लहान. नॉर्वेच्या पश्चिम आणि उत्तर किनाऱ्यावर आज त्याच्या काही हजार जोड्या आहेत. एकोणिसाव्या शतकात याच किनाऱ्यावर त्याला मारण्यासाठी सरकारी बक्षीस मिळायचं. संपूर्ण संरक्षण मिळालं ते १९६८ मध्ये. ब्रिटनमध्ये तर १९१६ मध्ये स्काय बेटावर शेवटची वीण झाली आणि त्यानंतर तो तिथून नामशेष झाला. १९७५ ते १९८५ या काळात नॉर्वेतून ८२ पिल्लं स्कॉटलंडच्या रम बेटावर नेऊन सोडली, तेव्हा १९८५ मध्ये मल बेटावर पुन्हा पिल्लू उडालं.

फोटो काढायला लोक जातात ते मुख्यतः फ्लाटांगरच्या बेटांच्या गर्दीत, बोडोच्या आसपास आणि लोफोटेन बेटांमधल्या ट्रॉलफियॉर्ड या चिंचोळ्या खाडीला. बोटवाला पाण्यावर मासा फेकतो आणि तो उचलायला आलेला गरुड टिपायचा असतो. तिथे पोहोचलेल्या बहुतेकांचं सगळं लक्ष लेन्सवर असतं. फोटो चुकतो तो मात्र बहुधा वाऱ्यामुळे.

समुद्री गरुड कैकर (ऑस्प्रे) या मासेखाऊ शिकारी पक्ष्यासारखा पाण्यात झेप घेत नाही. कैकर पाय पुढे करून अख्खा बुडतो आणि मासा घेऊन वर येतो. गरुडाला ते झेपत नाही. तो पृष्ठभागावर किंवा जेमतेम हातभर खाली असलेलाच मासा पंजाने ओरबाडून नेतो. फार तर मांड्या भिजतात. एवढ्या रुंद पंखांचा पक्षी पाण्याला टेकायच्या वेळी वेग कमी करायचा तर वाऱ्याच्या तोंडाला वळतो. समोरून वारा घेतला की पंखांवरचा उठाव टिकतो आणि पाण्याच्या तुलनेत वेग मात्र घटतो. त्यामुळे तो घिरटी कुठूनही सुरू करो, शेवटचे तीस-चाळीस मीटर तो जवळजवळ नेहमी वाऱ्याकडे तोंड करूनच येतो. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर गरुड तुमच्याकडे तोंड करून येणार. वारा तुमच्या तोंडावर असेल तर दिवसभर त्याच्या शेपटीचे फोटो मिळणार. शेपूट सुंदर असते, पण दिवसभर नको.

सूर्यही पाठीशी हवा, हे वेगळं सांगायला नको. दोन्ही एका बाजूला असतील तो दिवस नशिबाचा. ऊन आणि वारा समोरासमोर आले, तर काटकोनात उभं राहून बाजूने येणारा पक्षी टिपायचा. वारा सेकंदाला चार ते आठ मीटर असला की उत्तम. दहाच्या वर गेला की बोट हलते आणि तरंगणारा मासा लाटांत गरुडालाही नीट दिसत नाही. अजिबात वारा नसेल तर पाणी आरशासारखं दिसतं, पण पक्षी कुठल्या दिशेने येईल ते सांगता येत नाही.

आता बोट. माशापासून वारा येतो त्या बाजूला बोट ठेवायची, तर बोटीवर वारा जास्त बसतो आणि ती हळूहळू माशावरच सरकते. जाणता बोटवाला म्हणून मासा वीस-पंचवीस मीटर लांब फेकतो आणि इंजिन हलकेच उलट्या गियरमध्ये ठेवून बोट धरून ठेवतो. बोट माशापासून दहा मीटरवर आली की गरुड घिरटी मोडून परत फिरतो. मग लोक म्हणतात, पक्षी लाजाळू होता.

मासाही विचार करून निवडावा लागतो. कॉड आणि त्याच्या कुळातला सेई यांना वाताशय, म्हणजे पोटात हवेची पिशवी असते. खोलातून वर काढताना ती फुगते, म्हणून असा ताजा मासा तरंगतो. अटलांटिक मॅकरेलला वाताशयच नसतं. तो फेकला की सरळ बुडतो. तो तरंगावा म्हणून पोटात थर्माकोलचा तुकडा कोंबणारे लोक आहेत. तो तुकडा शेवटी गरुडाच्या नाहीतर त्याच्या पिल्लाच्या पोटात जातो, तेव्हा असं करणाऱ्या बोटीवर चढू नये. मासा पाव किलोचा पुरे. गरुडाला दिवसाला साधारण अर्धा किलो अन्न लागतं. एका सकाळी चार-पाच माशांहून जास्त फेकण्यात पक्ष्याचा फायदा नसतो.

मासा न फेकताही बरंच बघायला मिळतं. बोडोजवळच्या साल्टस्ट्राउमेनला भरती-ओहोटीचा प्रवाह जगातल्या सर्वांत जोरकस प्रवाहांपैकी आहे. त्या घुसळणीत खोलातले मासे वर फेकले जातात आणि गरुड ते आयते उचलतात. वसंतात लंपफिश अंडी राखायला उथळ पाण्यात येतो, तेव्हा ओहोटीच्या वेळी गरुड किनाऱ्याला खेटूनच असतात. आयडर बदकांची शिकार तर पाहण्यासारखी असते. गरुड वरून आला की बदक बुडी मारतं. वर आलं की पुन्हा तो डोक्यावर. दम घ्यायची उसंतच न देता तो त्याला थकवतो. या खेळात कधीकधी बराच वेळ जातो आणि बऱ्याचदा बदकच जिंकतं.

दिवसाचा मोठा भाग मात्र हा पक्षी नुसता बसून असतो. तो शोधायचा तर आकाशात बघत बसू नये, बेटांचे माथे बघावेत. वर्षानुवर्षं एकाच खडकावर बसल्याने विष्ठा आणि माशांचे अवशेष साठतात आणि त्या माथ्यावर गडद हिरव्या गवताचा उंचवटा तयार होतो. करड्या कातळावर एकटीच हिरवी टोपी दिसली की दुर्बीण तिकडे वळवायची. दुसरी खूण कुरवांची. बेटावरचे सगळे कुरव एकदम ओरडत उठले, तर त्यांच्या वर बघा.

सोनेरी गरुडही या डोंगरांत असतो. तो पंख किंचित वर उचलून तरंगतो आणि त्याची शेपूट लांब असते. समुद्री गरुडाचे पंख फळीसारखे सपाट, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी, आणि मान इतकी पुढे आलेली की पुढचा आणि मागचा भाग जवळपास सारखाच वाटतो. लहान वयाच्या पक्ष्याची चोच काळपट आणि शेपूट मळकट असते. पिवळी चोच, फिका डोळा आणि पांढरी स्वच्छ शेपूट यायला पाचेक वर्षं लागतात.

लेन्सचं गणित बोटीत बसण्याआधीच करून ठेवावं. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून वीस मीटरवर चौकटीत मावते फक्त १.८ मीटर रुंदी, आणि पक्षी आहे सव्वादोन मीटर. पंख कापले जाणारच. तीस मीटरवर २.७ मीटर मावतात. २०० मिलिमीटरवर वीस मीटरला ३.६ मीटर. म्हणून बोटीवर १००-४०० सारखा झूम हवा. ६०० मिलिमीटरचा जडशीळ लेन्स बेटावर बसलेल्या पक्ष्यासाठी ठीक. ट्रायपॉड बोटीवर नको, इंजिनाची थरथर तो सरळ कॅमेऱ्यात पोहोचवतो.

गरुड ताशी ५० किलोमीटरने येतोय असं धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. १/५०० सेकंदाच्या शटरला तो २.८ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, १/२५०० ला साडेपाच मिलिमीटर. तेव्हा १/२५०० च्या खाली उतरायचं नाही. उजेड कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत चढू द्यावा. सेकंदाला वीस फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यातही दोन फ्रेमच्या मध्ये पक्षी ७० सेंटीमीटर सरकतो. पंजा पाण्याला लागायचा क्षण एखाद्याच फ्रेममध्ये येतो, म्हणून बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंचा मारा, पंजे पुढे आले की सुरू करायचा, शिंतोडे दिसल्यावर नाही. अॅपर्चरचं, म्हणजे लेन्सच्या छिद्राचंही तसंच आहे. ४०० मिलिमीटर, वीस मीटर आणि एफ/५.६ असताना स्पष्ट भाग मिळतो जेमतेम ८० सेंटीमीटर खोलीचा. एफ/८ ला सव्वा मीटरच्या आसपास. बाजूने जाणाऱ्या पक्ष्याचा जवळचा पंख त्यात बसत नाही, पण डोळा बसलाच पाहिजे. फोकस सतत चालू राहणारा ठेवावा आणि लेन्सवर मर्यादेचं बटण असेल तर जवळचं अंतर बंद करावं. नाहीतर शिंतोडा आला की फोकस पार जवळ जाऊन परत यायला सेकंद खातो.

एक्स्पोजर ऑटोवर सोडलं की सर्वांत जास्त फोटो वाया जातात. पांढुरक्या आकाशापुढे तपकिरी पक्षी काळा पडतो, तिथे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवावा लागतो. ट्रॉलफियॉर्ड तोंडाशी जेमतेम शंभर मीटर रुंद आहे आणि दोन्हीकडे उंच काळे कडे. त्या कड्यांपुढे कॅमेरा फोटो उजळ करतो आणि शेपटीतलं पांढरं पार उडून जातं. उजेड एकसारखा असेल तर मॅन्युअलवर ठेवून शेपटीला धरून मोजमाप करावं. पार्श्वभूमी बदलली तरी पक्ष्यावरचं ऊन तेच असतं.

उन्हाचं म्हणाल तर जूनमध्ये लोफोटेनला सूर्य मावळतच नाही. रात्री दहा ते दोन हा सर्वांत चांगला काळ. ऊन आडवं येतं आणि पंखांच्या खालची बाजू उजळते. हिवाळ्यात डोंगरांवर बर्फ असतं, पण दिवस आखूड. त्यात एक अडचण फारशी कोणी सांगत नाही. उबदार प्रवाहामुळे समुद्राचं पाणी गोठत नाही, वरची हवा मात्र शून्याखाली. पाण्यावरून गरम हवेचे पट्टे उठतात आणि लांबचा पक्षी लहरतो. मग फोकस चुकला म्हणून कॅमेऱ्याला शिव्या मिळतात. उपाय एकच, पक्षी जवळ येईपर्यंत थांबणं. लेन्स केबिनमधून बाहेर आणल्यावरही अर्धा तास थंड होऊ द्यावा, नाहीतर हूडमधलीच हवा लहरते. आत नेताना उलटं: बंद पिशवीत घालूनच न्यावा, म्हणजे काचेवर दव बसत नाही. बॅटऱ्या आतल्या खिशात. खाऱ्या पाण्याचे थेंब कोरड्या कपड्याने पुसू नयेत, मिठाचे कण काचेला ओरखडतात. आधी गोड्या पाण्याने ओलावलेलं कापड लावावं.

घरट्याकडे मात्र कॅमेरा वळवायचाच नाही. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये बहुधा दोन अंडी, सुमारे ३८ दिवस उबवणं आणि दहा-बारा आठवड्यांनी पिल्लू उडणं, हा सगळा काळ जुलै-ऑगस्टपर्यंत जातो. सुरुवातीला पक्षी उठून गेला तर अंडी गारठतात किंवा कावळे नेतात. बसलेला गरुड मान ताठ करतो, विष्ठा टाकतो आणि पुढे झुकतो, तेव्हा तो उडणार असतो. मान ताठ होताच इंजिन बंद करून मागे व्हावं. ड्रोन नको. फोटोतली ठिकाणाची नोंद काढून मगच तो इंटरनेटवर टाकावा.

कोकणातला काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, याचाच जवळचा नातलग. त्याची घरटीही तशीच टाळायची. सरावाला मात्र हर्णे किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावरची ब्राह्मणी घार उत्तम. तीही पाण्यावरून पंजाने उचलते आणि उचलताना वाऱ्याकडे तोंड करते. तिचे पंख सुमारे १.२ मीटर, म्हणजे ४०० मिलिमीटरमध्ये दहा मीटरवरची घार चौकटीत साधारण तेवढीच भरते जेवढा वीस मीटरवरचा गरुड. वळते मात्र ती कितीतरी चपळपणे.