प्रकाशीय मेळ-तपासणी

हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे (एरोसोल) किती प्रकाश विखुरतो हे उपकरणाने मोजायचे, त्याच कणांचे आकारमान व रासायनिक घटक यांवरून तोच आकडा गणिताने काढायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे, या पद्धतीला प्रकाशीय मेळ-तपासणी म्हणता येईल. हवामानाची प्रतिमाने कणांचा परिणाम गणितानेच ठरवतात, म्हणून ही तपासणी मोलाची आहे.

मोजमाप नेफेलोमीटरने, म्हणजे हवेच्या नमुन्यावर प्रकाश टाकून विखुरलेला प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाने होते. बरेच वापरले गेलेले एक उपकरण ४५०, ५५० व ७०० नॅनोमीटर या तरंगलांब्यांवर प्रकीर्णन गुणांक (प्रकाश किती विखुरतो याचे माप) देते. गणितासाठी गोलाकार कणांना लागू पडणारा, गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये मांडलेला सिद्धांत वापरतात. त्याला कणांचा व्यास, संख्या आणि अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो व वळतो हे सांगणारा आकडा) लागतो. अमोनियम सल्फेटचा अपवर्तनांक सुमारे १.५३, तर पाण्याचा १.३३. काजळी प्रकाश शोषतेही, त्यामुळे तिचा अपवर्तनांक वास्तव संख्येत नव्हे, तर संमिश्र संख्येत (जिचा दुसरा भाग शोषण दाखवतो) मांडावा लागतो.

दोन आकडे जुळत नाहीत तेव्हा पहिला संशय कोनांवर घ्यावा. नेफेलोमीटरला साधारण ७ ते १७० अंशांमधलाच प्रकाश दिसतो. मोठे कण मात्र बराचसा प्रकाश अगदी पुढच्या दिशेने टाकतात, आणि तोच हुकतो. मोजलेल्या आकड्यात अंदाजाने भर घालण्यापेक्षा गणितच त्याच कोनांपुरते करणे अधिक सरळ. दुसरे कारण आर्द्रता. ओलसर हवेत क्षारकण पाणी शोषून फुगतात आणि त्यांचा अपवर्तनांक उतरतो; उपकरणातल्या दिव्याच्या उष्णतेने तेच कण काही प्रमाणात सुकतात. म्हणून दोन्ही बाजूंची आर्द्रता एकच धरावी लागते. धुळीचे कण गोल नसतात, तिथे गुस्टाफ मी यांचा सिद्धांत अपुरा पडतो.

आकडे जुळले तरी लगेच निश्चिंत होऊ नये. व्यास थोडा जास्त आणि अपवर्तनांक थोडा कमी धरला गेला, तर चुका एकमेकींना झाकतात. तिन्ही तरंगलांब्यांवर आणि मागे विखुरलेल्या प्रकाशातही मेळ बसला, तर ही शक्यता बरीच कमी होते. शिवाय कणांचा व्यास प्रकाशीय कणगणकाने (एकेका कणाने विखुरलेल्या प्रकाशावरून आकार ठरवणाऱ्या उपकरणाने) मोजला असेल, तर तो व्यासच गृहीत अपवर्तनांकावर उभा असतो. अशा वेळी दोन्ही बाजू खऱ्या अर्थाने स्वतंत्र राहत नाहीत. विद्युत क्षेत्रातील गतिशीलतेवरून व्यास ठरवणारी उपकरणे या अडचणीतून सोडवतात, पण साधारण एक मायक्रोमीटरपर्यंतच.