राजापूर लोकसभा मतदारसंघ

दक्षिण कोकणातील लोकसभेचा एक जुना मतदारसंघ. लांजा-राजापूरपासून खाली देवगड, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीपर्यंत त्याचा पसारा होता. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून हा मतदारसंघ दोन जिल्ह्यांत विभागला गेला. १९५७ ते २००९ या ५२ वर्षांत येथून चारच जण लोकसभेवर गेले : नाथ पै, मधु दंडवते, सुधीर सावंत आणि सुरेश प्रभू. त्यांपैकी पहिल्या दोघांची मिळून सलग ३४ वर्षे होतात. दोघेही समाजवादी, आणि दोघांचाही संसदेतला बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला.

महाराष्ट्रात काँग्रेसचा पाया भक्कम असताना इथेच असे का घडले, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथल्या जमिनीत आहे. कातळ, वरकस रान, पावसाळी भात, आंबा-काजू आणि मासेमारी यांवर चालणारा हा मुलूख. घाटावर साखर कारखाने आणि सहकारी संस्थांमधून काँग्रेसचे जे जाळे विणले गेले, ते इथे कधी उभेच राहिले नाही. घरातला कर्ता माणूस मुंबईला गिरणीत किंवा गोदीत, आणि गावचे घर त्याच्या मनीऑर्डरीवर. गणपतीला येणारा चाकरमानी नारळ-खोबऱ्याबरोबर गिरणगावातल्या सभांच्या गोष्टीही घेऊन येई. खासदाराकडे वाटायला काही नव्हते; त्याच्या शब्दाला मात्र मोल होते.

नाथ पै (१९२२–७१) वेंगुर्ल्याचे. बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला, पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका त्यांनी प्रजा समाजवादी पक्षातर्फे जिंकल्या. त्यांच्या वक्तृत्वाच्या आठवणी कोकणात अजून सांगितल्या जातात, पण त्यांचे खरे मोठे काम एका विधेयकात आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निर्णय दिला की, मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत विरोधी पक्षातल्या या खासदाराने, संसदेला घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करता यावे म्हणून खासगी विधेयक मांडले. ‘नाथ पै विधेयक’ म्हणून ते देशभर गाजले. ते संमत झाले नाही. पण जे त्यांना हवे होते, ते १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने झाले. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात ती दुरुस्ती टिकली, मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही, ही मर्यादा न्यायालयाने घातली. हे पाहायला नाथ पै नव्हते. महाराष्ट्र–कर्नाटक सीमाप्रश्नासाठी त्यांनी जीव ओतला होता. बेळगावातच, हुतात्मादिनाच्या सभेनंतर, १८ जानेवारी १९७१ रोजी हृदयविकाराने ते गेले. वय अवघे ४८.

दोनच महिन्यांनी निवडणूक होती. उमेदवार होते मधु दंडवते (१९२४–२००५), जन्माने नगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आणि १९५५ च्या गोवा सत्याग्रहात मार खाल्लेले. इंदिरा गांधींच्या लाटेविरुद्ध ते निवडून आले, १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेविरुद्धही निवडून आले. घाटावरच्या माणसाला कोकणाने पाच वेळा आपला म्हटले, ही लहान गोष्ट नव्हे. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते. १९७७ मध्ये तेच रेल्वेमंत्री झाले.

त्या काळी दुसऱ्या वर्गात झोपायला लाकडी फळी असे. रात्रभर प्रवास केलेल्या माणसाच्या पाठीवर पट्ट्यांचे वळ उठत. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम चढवला. पहिला वर्ग काढून घ्यायचा नाही, दुसऱ्याला वर आणायचे, असा त्यांचा विचार होता. मला हा निर्णय त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा वाटतो. तो कोट्यवधी माणसांच्या पाठीला कळला, भाषणाची गरज पडली नाही. मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस ही वर्गभेद नसलेली गाडी त्यांच्याच काळात सुरू झाली आणि १९७४ च्या रेल्वे संपात काढून टाकलेल्या कामगारांना परत घेण्यात आले.

त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात मात्र रूळ नव्हता. मुंबई गाठायला रात्रभर एसटी किंवा किनाऱ्याची बोट. बंदरात बोट दूर उभी राही आणि पडावातून, लाटांवर डोलत, बोचकी सांभाळत तिच्यावर चढावे लागे. १९७८ मध्ये कोकणाकडे येणाऱ्या आपटा–रोहा मार्गाला मंजुरी मिळाली आणि १९८६ ला रेल्वे रोह्याला पोचली. पुढे १९८९–९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. त्या जोडीमुळे रखडलेल्या कामाला पैसा उभारण्याची वाट सापडली : जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. केंद्र आणि चार राज्यांचे भांडवल व लोकांकडून घेतलेले रोखे यांवर काम चालले. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्ण खुला झाला. दंडवते त्याआधीच, १९९१ मध्ये, काँग्रेसच्या सुधीर सावंतांकडून हरले होते.

१९९६ पासून सलग चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून आले. वाजपेयी सरकारात ते ऊर्जामंत्री होते. पुढे २०१४ ते २०१७ या काळात ते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा ते राज्यसभेत होते.

२००८ च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ मोडला आणि चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतचा रत्नागिरी–सिंधुदुर्ग मतदारसंघ तयार झाला. राजापूर हे नाव आता विधानसभेच्या मतदारसंघाला आणि गावापासून बरेच लांब असलेल्या ‘राजापूर रोड’ स्थानकाला आहे.