गावचा पब गावानेच विकत घेतला : इंग्लंडमधील खेड्यांच्या सोयींमागचा इतिहास

उत्तर इंग्लंडमधील कंब्रिया परगण्यात हेस्केट न्यूमार्केट नावाचे लहानसे गाव आहे. तेथील ‘ओल्ड क्राउन’ हा पब २००३ मध्ये गावातील व आसपासच्या सव्वाशेच्या सुमारास लोकांनी भागभांडवल उभारून विकत घेतला. सहकारी मालकीचा झालेला तो ब्रिटनमधील पहिला पब मानला जातो. त्याच्या मागच्या बाजूला असलेला बिअरचा छोटा कारखाना त्याआधीच, १९९९ मध्ये, सहकारी झाला होता. गावकऱ्यांवर अशी वेळ का आली, हे समजण्यासाठी इंग्लिश खेड्यात सोयी कोणी आणल्या आणि कोणी काढून नेल्या, ते पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात खेड्यातील सोयी प्रामुख्याने जमीनदार आणि चर्च यांच्या हातात होत्या. शाळासुद्धा बहुधा चर्चची असे; जेथे ती अपुरी पडे, तेथे लोकनियुक्त मंडळामार्फत शाळा काढण्याची तरतूद १८७० च्या शिक्षण कायद्याने केली. पुढे १८९४ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिले, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींशी नाते सांगणाऱ्या संस्था, अस्तित्वात आल्या आणि गावचा कारभार चर्चच्या सभेकडून निवडून आलेल्या सभासदांकडे गेला. या कौन्सिलांवर स्त्रियांनाही निवडून येता येत होते, ही त्या काळाच्या मानाने फार मोठी गोष्ट होती.

मात्र गावाचा खरा कणा ठरले ते पोस्ट. १८४० मध्ये एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली, आणि व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवी वर्षी, १८९७ मध्ये, प्रत्येक घरी टपाल पोहोचवण्याचे धोरण जाहीर झाले. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना पोस्टाच्या खिडकीवर आठवड्याला कमाल पाच शिलिंग पेन्शन मिळू लागले. १९४६ पासून मुलांसाठीचा कुटुंबभत्ताही तेथेच मिळू लागला. पोस्टमास्तर बहुधा दुकानदारच असे, त्यामुळे पेन्शन घ्यायला आलेली आजी चहापत्ती आणि पावही तेथूनच नेई आणि दोन्ही व्यवहार एकमेकांना जगवत. २००३ पासून हे पैसे थेट बँक खात्यात जमा करण्यावर सरकारने भर दिला, तेव्हा माणसे खिडकीवर यायची थांबली आणि त्यांच्याबरोबर दुकानाचे गिऱ्हाईकही गेले. १९६० च्या दशकात सुमारे २५ हजार असलेली पोस्ट कार्यालये आता साडेअकरा हजारांच्या घरात आहेत. पोस्टाच्या हिशेबासाठीच्या होरायझन या सदोष संगणक प्रणालीमुळे ९०० हून अधिक पोस्टमास्तरांना खोट्या हिशेबांवरून गुन्हेगार ठरवण्यात आले. त्यांतील अनेक जण गावच्या विश्वासातली माणसे होती, म्हणून तो अन्याय विशेष जिव्हारी लागतो.

वाहतुकीची कथा याहून थोडक्यात सांगता येते. ब्रिटिश रेल्वेच्या फेररचनेवरील बीचिंग अहवालाने १९६३ मध्ये २,३६३ रेल्वे स्थानके व थांबे बंद करण्याची शिफारस केली. १९८६ पासून लंडनबाहेरची बससेवा बाजारावर सोपवली गेली. मोटार नसलेल्या वृद्धाला त्यानंतर दवाखाना गाठणेही अवघड झाले.

सोयी जात असताना लोकांनी काही जपल्याही. पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांनी आपल्या मृतांचे स्मारक म्हणून सभागृहे बांधली. पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्य महोत्सवासाठी १९३५ मध्ये गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी आखलेली लाल टेलिफोन पेटी त्यानंतर गावोगावी पोहोचली. मोबाइलमुळे ती ओस पडली, तेव्हा एका पौंडात ती गावाच्या ताब्यात देण्याची योजना २००८ मध्ये आली. बिडाची जड चौकट, बारीक काचांचे दार आणि आत फळ्यांवर पुस्तके, किंवा हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र, अशा रूपात त्या पेट्या आज वापरात आहेत.

हेस्केट न्यूमार्केटचा मार्ग पुढे इतर गावांनीही धरला. सहकारी संस्थेत भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच, या नियमाने पब कोणा एका धनिकाच्या हाती जात नाही. २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने पब किंवा दुकान ‘लोकोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवण्याची आणि ते विक्रीस निघाल्यास पैसे जमवण्यासाठी सहा महिने मिळवण्याची मुभा दिली. मात्र हा हक्क बोली लावण्यापुरताच होता. मुदत संपल्यावर कोणाला विकायचे, हे मालकच ठरवू शकत असे, आणि गावाची बोली नाकारण्यास त्याला कोणतीच आडकाठी नव्हती.