एका खोक्याभोवती उभा राहणारा अभ्यासक्रम

मानवी हालचाली आणि अर्गोनॉमिक्स हा विषय विद्यापीठात शिकवायचा म्हटले की पहिला पेच पडतो तो क्रमाचा. काम माणसाच्या शरीराला आणि मनाला झेपेल असे कसे रचावे, हे या शास्त्राचे क्षेत्र. त्यासाठी शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र, यामिकी, मानसशास्त्र आणि थोडी संख्याशास्त्राचीही जाण लागते. हे सगळे वेगवेगळ्या कप्प्यांत शिकवले जाते: आधी हाडा-स्नायूंची नावे, मग बलांची गणिते, मग थकव्याची कारणे, आणि अगदी शेवटी प्रत्यक्ष काम. तोवर पहिल्या सत्रातली नावे विसरलेली असतात. त्याहून वाईट म्हणजे ती कशासाठी पाठ केली, हेच कळलेले नसते.

हा क्रम मोडायला हवा, असे मला ठामपणे वाटते. एक साधे काम निवडावे आणि सगळे विषय त्याच्याभोवती आणावेत. उदाहरणार्थ, जमिनीवरचे खोके दोन हातांनी उचलून टेबलावर ठेवणे.

पहिल्या तासाला व्याख्या नकोच. एकाने खोके उचलावे, बाकीच्यांनी पाहून लिहावे: पाऊल कुठे होते, पाठ किती वाकली, खोके अंगापासून किती लांब राहिले, कमरेतून वळावे लागले का. दोघांच्या नोंदी सहसा जुळत नाहीत, आणि मोजमापाची गरज तिथेच पटते. मग सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर, पायाखालचे बल टिपणारी फोर्स प्लेट आणि स्नायूंचे विद्युतसंकेत नोंदवणारे ईएमजी यंत्र हाती द्यावे. डोळ्यांना न दिसणारी हालचाल पकडण्याची ही ओढ जुनीच आहे. फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी १८८०च्या दशकात एकाच छायाचित्रावर हालचालीचे लागोपाठचे टप्पे उमटवले होते.

यानंतर खरा गाभा. सतराव्या शतकात इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्ली यांनी प्राण्यांच्या हालचालींना तरफेचे गणित लावले. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले असतात, म्हणून त्यांना उचललेल्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६८०-८१मध्ये प्रसिद्ध झाला. आपले खोके पंधरा किलोचे धरू, म्हणजे सुमारे १५० न्यूटन वजन. ते कमरेच्या खालच्या मणक्यांपासून ४० सेंटिमीटर पुढे धरले. पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मध्यापासून साधारण पाचच सेंटिमीटर मागे असतात. अंतरांचे प्रमाण आठास एक, म्हणून केवळ खोके तोलायला स्नायूंना जवळजवळ १,२०० न्यूटन जोर लावावा लागतो. पुढे झुकलेल्या धडाचा भार यात धरलेलाच नाही. आणि स्नायूंची ही ओढ मणक्यांमधल्या चकत्यांना दाबत राहते. आता खोके अंगाजवळ, २० सेंटिमीटरवर आणा. १,२००चे ६०० होतात. वजन तेच, माणूस तोच.

हे गणित वहीत सोडवलेल्या विद्यार्थ्याला कामाच्या जागी वापरले जाणारे सूत्र परके वाटत नाही. अमेरिकेतील ‘नायोश’ या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने वजन उचलण्याचे आपले सूत्र १९९१मध्ये सुधारले. उत्तम परिस्थितीत ते २३ किलोची मर्यादा सांगते आणि परिस्थिती बिघडेल तशी ती कमी करत नेते. हात घोट्यांच्या रेषेपासून २५ऐवजी ५० सेंटिमीटर पुढे गेले, की मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो. शिवाय उचल थेट जमिनीवरून असेल तर नऊ किलोच्या आसपास. कमरेतून वळणे, वारंवार उचलणे, पकड नीट नसणे यांनी ती आणखी उतरते. तेव्हा ‘किती किलो?’ एवढ्याच प्रश्नाला उत्तर नसते. कुठून, किती लांबून आणि किती वेळा, हेही विचारावे लागते.

थकव्याचा धडाही इथेच बसतो. खोके उचलून नुसते धरून ठेवले, तर आकसलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. प्राणवायू कमी पोहोचतो आणि स्नायू लवकर शिणतो. हालचालीत आकुंचन आणि सैलावणे आलटून पालटून होत असल्याने रक्त वाहते राहते.

मग प्रश्न येतो, टेबल कोणाच्या उंचीचे? इथे विद्यार्थी हमखास सरासरीकडे धावतात. १९५०मध्ये अमेरिकी हवाई दलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली. त्यांतल्या ४,०६३ जणांची दहा मापे गिल्बर्ट डॅनियल्स यांनी तपासली. सरासरीच्या आसपासचे मधले तीस टक्के ‘सरासरी’ मानूनही, दहाही मापांत सरासरी भरणारा एकही वैमानिक सापडला नाही. म्हणून हात पोहोचण्याचा प्रश्न असेल तिथे लहान चणीच्या माणसाला धरून आखणी करतात, गुडघ्यांना जागा हवी तिथे मोठ्या चणीच्या, आणि शक्य तिथे वस्तू कमीजास्त करता येईल अशी ठेवतात.

लक्ष, स्मरण आणि चुका या भागाला मात्र खोके पुरत नाही, तिथे दुसरे उदाहरण घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमाने उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाके मिटून टाकत. दोन्ही कळा सारख्या दिसत आणि शेजारीशेजारी होत्या. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपानिस यांनी चाकांच्या कळीला छोटे चाक आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा लावायचे सुचवले, म्हणजे स्पर्शानेच फरक कळावा. दोष वैमानिकांच्या माथी न मारता त्यांनी तो रचनेत शोधला.

परीक्षेत लेखी उत्तरांइतकेच वजन प्रकल्पाला हवे, आणि प्रकल्पगटात शरीरशास्त्राकडून आलेले व अभियांत्रिकीकडून आलेले विद्यार्थी मिसळलेले हवेत. ज्या कामगाराचे मोजमाप घ्यायचे त्याची समजावून घेतलेली संमती आधी, आणि काम कुठे जड जाते हे त्याच्याच तोंडून ऐकणे त्याच्याही आधी. वेळापत्रकात सगळ्यात आधी कापला जातो तो बदलानंतरच्या मोजणीचा टप्पा. तो कापू नये. टेबलाची उंची बदलल्यावर तेच कोन, तीच अंतरे, तोच ईएमजी पुन्हा घ्यावा, आणि काहीच सुधारले नाही असे निघाले तर ते तसेच मांडणाऱ्या गटाला पूर्ण गुण द्यावेत.